खेतवाडीतला पक्षिवेडा

संध्याकाळी दादरला गाण्याचा क्लास आणि हिवाळ्यातल्या रविवारी शिवडीला रोहित पक्षी, असे माझे चालते. एक काहीतरी धर, हा घरच्यांचा धोशा. अशा वेळी मला डॉ. सलीम अली आठवतात.

त्यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले. गिरगावातल्या खेतवाडीत मामांनी वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीने त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारी नेले. पुढे कॉलेज अर्धवट सुटले, ब्रह्मदेशातला व्यापारही साधला नाही. १९१७ साली परतल्यावर दावर्समध्ये वाणिज्य आणि सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, अशी दुहेरी कसरत त्यांनी केली. विद्यापीठाची पदवी नसल्याने पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा मात्र हुकली. तरी किहीमला राहून सुगरणीची घरटी त्यांनी चिकाटीने न्याहाळली आणि नाव झाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक, १९७६ साली पद्मविभूषण. २० जून १९८७ रोजी ते गेले.

त्यांनी अखेर हिशेबाच्या वह्या मिटल्या. मला तानपुरा खाली ठेववत नाही, दुर्बीणही नाही. उत्तराची घाई मात्र आता मी करीत नाही.