धर्मानंद कोसंबी आणि एका पोराचा प्रश्न

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आम्ही दोन पाने लिहावीत असा कमिटीचा आग्रह झाला. आमचे शिक्षण ते काय! सूतगिरणीत पाळ्या करता करता जे वाचले तेवढीच आमची पुंजी. पण एक गोष्ट मनात सलत होती, म्हणून लिहायला बसलो.

मागच्या वर्षावासात आम्ही विहारात मुलांना तथागतांचे चरित्र सांगत होतो. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री घर सोडले, असे लहानपणी ऐकले तसेच सांगून मोकळे झालो. सातवीतला एक पोरगा उठला आणि विचारू लागला, की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा पाहिला नव्हता काय? त्याच्या घरात आजोबा नव्हते काय? बायामाणसं हसली. आम्ही त्याला दटावून खाली बसवलं. पोरगं पुढचे दोन रविवार आलंच नाही.

घरी आल्यावर आमची आम्हालाच लाज वाटली. कारण परमपूज्य बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ आपण दरवर्षी वाचतो, आणि त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी जे चार प्रश्न मांडले त्यातला पहिलाच प्रश्न हा आहे! म्हणजे बाबासाहेबांनी विचारला तर ग्रंथ, आणि वस्तीतल्या पोराने विचारला तर आगाऊपणा. हा कुठला न्याय?

याच प्रश्नाची वाट मराठीत आधी ज्याने पाडली तो माणूस म्हणजे धर्मानंद कोसंबी. त्यांचा फोटो आपल्या भिंतीवर नाही. ते जन्माने ब्राह्मण, आणि गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहात १९३० साली तुरुंगात गेलेले. आपल्या चळवळीत ते नव्हते. त्यामुळे आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षं घेतलं नाही.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळ गावी झाला. शाळा फार झाली नाही. लहानपणीच लग्न झालं, शेतीवाडी बघत होते. बालबोध नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि तेवढ्यावर या माणसाने ठरवले, की या महापुरुषाचा धर्म मुळातून शिकायचा. १८९९ च्या अखेरीस घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. हे आम्हाला खटकते. ज्ञानाची ओढ खरी, पण त्या माउलीचे काय? पुढे ते संसारात परतले, पण तिने काढलेले दिवस तिलाच ठाऊक.

पुण्यात आणि मग काशीला ते संस्कृत शिकले. काशीत अन्नछत्रात जेवून दिवस काढले. बौद्ध धर्म जिवंत दिसेल या आशेने नेपाळात गेले आणि निराश होऊन परतले. मग बुद्धगयेहून सिलोनला. तिथे १९०२ साली विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली श्रामणेर होऊन पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. १९०६ च्या सुमारास कलकत्त्यात पाली शिकवायचे काम स्वीकारताना त्यांनी चीवर उतरवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून पुस्तके लिहावीत म्हणून महिना पन्नास रुपये तीन वर्षे दिले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. विसुद्धिमग्गाच्या कामासाठी अमेरिकेतल्या हार्वर्डला चार वेळा गेले. तो ग्रंथ छापून आला १९५० साली, त्यांच्या मरणानंतर.

१९१४ साली त्यांचे बुद्धलीलासारसंग्रह हे पुस्तक निघाले. त्यात जातककथा आणि बुद्धांचे परंपरेतले चरित्र मोठ्या भक्तीने सांगितले आहे. हाच माणूस पंचवीस-सव्वीस वर्षांनी भगवान बुद्ध लिहायला बसतो आणि त्याच कथा पुन्हा तपासायला घेतो! चार दृश्यांची गोष्ट मुळात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची, महापदान सुत्तातली, ती नंतर गोतमाला जोडली गेली, असं त्यांनी दाखवलं. मध्यरात्री चोरून निघणंही त्यांना मान्य नाही. जुन्या सुत्तात आईबाप रडत असताना, त्यांच्यासमोर घर सोडल्याचं आहे. मग घर सोडलं कशापायी? तर सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तात आटत्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांवर उठलेली माणसं पाहून आलेली उदासी आहे. कोसंबींनी तिचा संबंध शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्यावरच्या भांडणाशी लावला. बाबासाहेबांच्या ग्रंथातही रोहिणीचं हेच भांडण येतं.

आम्हाला विचाराल तर, चवदार तळ्याच्या लेकरांना ही गोष्ट म्हाताऱ्याच्या गोष्टीपेक्षा जवळची वाटावी. पाण्यावरून माणूस माणसाच्या जिवावर उठतो हे समजायला आपल्याला पोथी लागत नाही.

आपण लोणारची माणसं. ज्या सरोवराकाठी आपण वाढलो तिथे विष्णूने लवणासुराला गाडलं असं आजी सांगायची, दैत्यसूदनाचं देऊळ त्याच कथेचं. पुढे साहेब लोकांना वाटलं ज्वालामुखी. मग खडक तपासणाऱ्यांनी सिद्ध केलं की आकाशातून अशनी पडून हे विवर झालं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा गावात काय काय उठलं होतं आठवा! शेवटी पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासलं, तर खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. सरोवर होतं तिथंच आहे. कोसंबींनी इतकं खोदलं म्हणून तथागतही कुठे गेले नाहीत. उलट आम्हाला तर ते माणसात आलेले दिसले.

कोसंबींना हे फुकट पडलं नाही. त्या काळचे श्रमण मांस खात, असं लिहिल्यावर जैन समाजात मोठा गदारोळ झाला. पण तथागतांच्या शेवटच्या भोजनात डुकराचं मांस होतं हेही त्यांनी त्याच ठिकाणी लिहिलं. आपल्या बाजूचं झाकून दुसऱ्याचं उघडं केलं असं नाही.

आणखी एक गोष्ट गिरणीवाला म्हणून आम्हाला सांगायलाच हवी. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगारवस्तीत बिर्लांच्या मदतीने बहुजन विहार उभा राहिला, तो कोसंबींचा. अमेरिकेत शिकवून आलेला पंडित तिथे येऊन राहिला आणि आपल्यासारख्यांपुढे धम्म सांगू लागला. दोनेक वर्षांनी त्यांनी तो सोडला.

शेवट मात्र आमच्या पचनी पडत नाही. शरीर थकले तेव्हा त्यांनी अन्न सोडून देह ठेवायचे ठरवले. गांधीजींनी एकदा परावृत्त केले होते, तरी अखेर ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला उपोषणातच गेले. मध्यम मार्ग शिकवणाऱ्या तथागतांचा उपासक जैनांच्या संथाऱ्याच्या वाटेने जातो, याचा मेळ आम्हाला लावता आलेला नाही. पोरांनी विचारलं तर हेच सांगू.

तिसऱ्या रविवारी आम्ही त्या पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला. पोरगा बाहेर गोट्या खेळत होता, आधी आलाच नाही. मग आला, आणि आम्ही त्याला म्हणालो, की तुझा प्रश्न बरोबर होता, आमचं उत्तर चुकलं. त्याने लगेच दुसरा प्रश्न विचारला, राहुलचं काय झालं? त्यावर पुढच्या रविवारी बसायचे ठरले आहे.

भगवान बुद्ध विहाराच्या कपाटात दुसऱ्या फळीवर आहे. पहिली काही पाने सुटली आहेत, जपून हाताळावे. नेताना वहीत नाव आणि तारीख लिहावी.