मादाम क्युरींनी मोजलेली किंमत

परवा सासूबाईंच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायला गेले होते. त्यांना आत टेबलावर झोपवलं, मला बाहेर थांबायला सांगितलं. दारावरची ती तीन पाकळ्यांची धोक्याची खूण बघता बघता मला मादाम क्युरी आठवल्या.

मेरीचा जन्म १८६७ चा, पोलंडमधल्या वॉर्साचा. तिथे मुलींना विद्यापीठाचं दार बंद. मग मेरीने परक्या घरी मुलांना शिकवून थोरल्या बहिणीला पॅरिसला डॉक्टर व्हायला पैसे पाठवले. पुढे बहिणीने तिला बोलावून घेतलं. १८९५ साली पिएर क्युरींशी लग्न झालं आणि १८९८ मध्ये दोघांनी पोलोनियम आणि रेडियम शोधलं.

लहानग्या इरिनला सासऱ्यांनी सांभाळलं, म्हणून मेरीला गळक्या शेडमध्ये टनावारी खनिज उकळता आलं. त्यातून १९०२ मध्ये हाती आला जेमतेम ग्रॅमचा दहावा हिस्सा क्षार! रात्री त्या नळ्या अंधारात चमकायच्या. दोघं कौतुकाने बघत बसायची. बोटं भाजायची, थकवा यायचा. पण हे न दिसणारे किरण आतून पेशी बिघडवतात, हे तेव्हा पुरतं कुणाला ठाऊक होतं?

१९०६ मध्ये पिएर घोडागाडीखाली गेले. मेरी खचली, पण थांबली नाही. १९०३ चं नोबेल दोघांना मिळालं होतं, १९११ चं तिला एकटीला. पहिल्या महायुद्धात तर ती एक्स-रे यंत्राच्या गाड्या घेऊन आघाडीवर गेली. सोबत किशोरवयीन इरिन. जखमी सैनिक वाचले, पण या मायलेकींना किरणांपासून पुरेसा आडोसा नव्हता.

१९३४ मध्ये मेरी गेली. शरीरात रक्त तयार होणंच मंदावलं होतं. इरिन १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. १९९५ मध्ये मेरीची शवपेटी हलवताना तज्ज्ञांनी तपासणी केली आणि रेडियमपेक्षा युद्धातल्या एक्स-रेवरच जास्त संशय घेतला. तिच्या वह्या आजही शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. रेडियमचा जोर निम्मा व्हायलाच १६०० वर्षं लागतात!

मैत्रिणींनो, डॉक्टरांनी सांगितलेल्या एक्स-रेला घाबरू नका. त्यातला किरणांचा डोस अगदी थोडा असतो. पण दिवस गेले असतील, नुसती शंका असली तरी, आधी सांगा. मुलाला धरायला आत थांबावं लागलं, तर शिशाचा एप्रन मागून घ्या. मागायला लाजू नका. मेरीला कुणी बाहेर थांबवलं नव्हतं. आपल्याला थांबवतात, ते तिच्यासारख्यांनी किंमत मोजली म्हणून.