गाडीच्या एसीतला गॅस आणि थॉमस मिजली

गाडी सर्व्हिसिंगवरून आणली, एसी लावला आणि गार हवाच येईना, की पहिला संशय गॅसवर जातो. काम करताना एखादा पाइप हलला किंवा जॉइंटची रबरी रिंग नीट बसली नाही, तर गॅस गुपचूप उडून जातो. त्याला ना रंग, ना जाणवण्यासारखा वास. या गॅसचं मूळ थॉमस मिजली या अमेरिकन इंजिनिअरपर्यंत जातं.

मिजलीचा जन्म १८८९ चा, पेनसिल्व्हेनियातला. शिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंग, नाव कमावलं रसायनांमध्ये. इंजिनचं नॉकिंग थांबवायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायची युक्ती १९२१ मध्ये त्याचीच. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेने दगावले, तेव्हा ते सुरक्षित आहे हे दाखवायला त्याने पत्रकारांसमोर त्यातच हात धुतले आणि वासही घेतला. खरं तर त्याआधी त्याला स्वतःला शिसं बाधलं होतं. हे त्याने लपवायला नको होतं.

तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे गॅस असत. गळती झाली की नाकाला लगेच कळायचं, पण जिवावरही बेतायचं. मिजलीने सहकाऱ्यांसोबत आर-१२ हा फ्रिऑन शोधला. १९३० मध्ये रसायनतज्ज्ञांच्या सभेत त्याने तो छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटतही नाही, एका फुंकरीत दोन्ही सिद्ध!

१९३९ मध्ये पॅकार्डने एसीची गाडी दाखवली, तिच्यात हाच गॅस होता. त्या एसीला क्लच नव्हता. तो बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून बेल्ट काढावा लागे.

पुढे पोलिओने मिजलीचे पाय गेले. अंथरुणातून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या-कप्प्यांची यंत्रणा बनवली आणि १९४४ मध्ये तिच्यातच अडकून त्याचा जीव गेला. वय ५५.

गळलेला फ्रिऑन वर जाऊन ओझोन खातो, हे रोलँड आणि मोलिना यांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर नव्या गाड्यांत आर-१३४ए आला. आर-१२ सोबत चालणारं खनिज तेल या नव्या गॅसमध्ये विरघळत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होऊ शकतो. म्हणून चांगला मेकॅनिक आधी बॉनेटखालचं स्टिकर वाचतो, गळती शोधतो आणि मगच गॅस भरतो.