श्यामच्या पुढचे साने गुरुजी

उत्कृष्ट कथापटासाठी राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान १९५४ साली एका मराठी चित्रपटाला मिळाला. तो म्हणजे आचार्य अत्रे यांचा, १९५३ मध्ये पडद्यावर आलेला ‘श्यामची आई’. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम पाहून त्या पिढीने चित्रपटगृहात डोळे पुसले. सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ती सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरली. एका पुस्तकाला लाभलेले हे भाग्य असाधारणच म्हणावे लागेल. तथापि त्याची किंमत लेखकाला मोजावी लागली. साने गुरुजी म्हटले की महाराष्ट्राला आठवतो तो पालगडचा हळवा मुलगा. त्या मुलाने मोठेपणी काय केले, हे फारसे कोणी विचारीत नाही.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड येथे झाला. घराणे खोताचे. खोत म्हणजे कुळांकडून सारा वसूल करून सरकारात भरणारा मधला हक्कदार. गावात त्याचा दरारा असे. पण भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या आणि कर्ज यांपुढे असा दरारा टिकत नाही. सदाशिवरावांच्या वाट्याला खोतीचे नाव उरले, वैभव गेले. कोकणातील कितीतरी घरे त्या काळात याच वाटेने खचली, आणि त्या घरांतील मुले शिक्षणासाठी नाही तर चाकरीसाठी घाट चढून गेली. पांडुरंगानेही दापोली, औंध, पुणे अशी वणवण केली. औंधला प्लेग आला म्हणून ते गाव सोडावे लागले. १९१७ मध्ये आई यशोदाबाई गेली, तेव्हा मुलगा दूर होता. अखेरची भेट झाली नाही.

या आईची कथा त्यांनी लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून ती शाळाशाळांतून वाचली जाते. वस्तुतः ती एका कुटुंबाच्या कर्जबाजारीपणाची तपशीलवार हकीकतही आहे. वसुलीला आलेला सावकाराचा माणूस आईला नाही नाही ते बोलतो, घरावर जप्ती येते आणि चारचौघांत अब्रू जाते. हे सारे सोसताना मुलाच्या मनात कडवटपणा शिरू नये, ही त्या माउलीची खरी धडपड आहे.

पुस्तकातील एक प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडते आणि शिवायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला ती मोळी तिच्या डोक्यावर चढवून द्यायला पाठवते. घरी परतल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. आपल्या काळाच्या चौकटीत त्या बाईला जेवढे पाऊल टाकता आले, तेवढे तिने टाकले. मुलाचे पुढील सारे आयुष्य म्हणजे ती आंघोळ अनावश्यक ठरविण्याचा प्रयत्न होय.

तत्त्वज्ञानात एम. ए. होऊन गुरुजी १९२४ मध्ये खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांची त्यांनी आईच्या मायेने सेवा केली आणि त्यांच्यासाठी ‘विद्यार्थी’ मासिक चालविले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. आज ती महाराष्ट्राच्या हाती आहेत याचे कारण गुरुजींची लेखणी. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांना दक्षिणेच्या भाषांची गोडी लागली. पुढे तमिळ कुरलचा त्यांनी मराठी अनुवाद केला. शेतकरी व कामगार यांच्या संघटनेत ते राबले, आणि बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत झाले.

स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना त्यांनी मोळीचा तो जुना प्रश्न महाराष्ट्राच्या देवघरातच नेऊन ठेवला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार हरिजनांना बंद होते. गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ पासून उपोषण आरंभिले. चुकीच्या माहितीवरून खुद्द गांधीजींनी उपोषण सोडण्यास सुचविले, तेव्हाही हा गांधीभक्त नम्रपणे पण ठामपणे आपल्या निश्चयावर राहिला. दहा दिवसांनी दार उघडण्याचे मान्य झाले. ज्यांना केवळ अश्रू ढाळणारे गुरुजी ठाऊक आहेत, त्यांनी हा निग्रह अवश्य ध्यानी घ्यावा.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, या हेतूने आंतरभारतीची कल्पना मांडली. परंतु स्वतंत्र देशातील द्वेष आणि स्वार्थ पाहून त्यांचे मन विदीर्ण होत गेले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्या अखेरीचे समर्थन करता येत नाही. आणि एवढ्या मायाळू माणसाला आपल्या समाजात आधार का सापडला नाही, हा प्रश्नही टाळता येत नाही.

त्यानंतर तीनच वर्षांत अत्र्यांचा चित्रपट आला आणि महाराष्ट्राने श्यामला पोटाशी धरले. श्यामवर प्रेम करणे सोपे होते, कारण श्याम आपल्याकडून काही मागत नाही. गुरुजी मागत होते: मंदिर, पाणवठा आणि घरची पंगत सर्वांना खुली असावी. वर्गात ‘श्यामची आई’ शिकविणाऱ्या शिक्षकाने मोळीच्या त्या धड्याशी थोडे थांबावे, आणि आईने जेथे मुलाला आंघोळीला पाठविले तेथून मुलगा पंढरपुरापर्यंत कसा गेला, हे विद्यार्थ्यांना सांगावे. त्यांच्यातील एखादा तरी त्याच्याही पुढे जाईल.