कलकत्त्याची पदवी आणि विलायतेची शाळा
(पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील काही भाग)

आपल्यातल्या पुष्कळजणींच्या लेकी-सुना बी. एड. होऊन लग्नानंतर परदेशी गेल्या आहेत. तिथे शाळेत शिकवायचे म्हटले की इथले सर्टिफिकेट नुसते दाखवून भागत नाही. कागद तपासायला पाठवावे लागतात, काही ठिकाणी पुन्हा परीक्षा द्यावी लागते, आणि इथे वर्षानुवर्षे वर्ग सांभाळलेली बाई तिथे उमेदवार होऊन बसते. हे ऐकले की मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांच्याजवळ तर तपासायला पाठवावा असा एकही कागद नव्हता. होते ते सगळे मुखोद्गत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले. त्या काळी हे फार धाडसाचे काम होते. लोकांनी ओरड केली, तेव्हा शास्त्रीबुवांना उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे जावे लागले. तिथे त्यांनी ग्रंथांतले आधार काढून दाखवले आणि आपण धर्माविरुद्ध काही केले नाही हे पटवून दिले. पुढे ते पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात बिऱ्हाड करून राहिले. तिथेच रमाबाई जन्मल्या. म्हणजे मुलगी जन्माला येण्याच्या आधीच, बाईने शिकावे की नाही याची परीक्षा त्या घराने दिलेली होती.

रमाबाईंना शिकवले ते मुख्यतः आईने. वडील तोवर थकले होते. पहाटे, घर जागे होण्याच्या आधी, लक्ष्मीबाई लेकीला उठवीत आणि श्लोक म्हणून घेत. दिवसभर घरातले काम आणि आल्यागेल्याचे करायचे, मग शिकवायला वेळ तो हाच. भागवताचे १८,००० श्लोक रमाबाईंना पाठ होते. पुढे घरची स्थिती बिघडली आणि सगळे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत गावोगाव फिरू लागले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने आधी वडील, मग आई गेली. त्यांच्यामागून थोरली बहीणही गेली. राहिली ती रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास, ही दोघे. पायी चालत चालत ती भावंडे उत्तर हिंदुस्थान फिरली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली.

कलकत्त्यात या विशीच्या मुलीचे संस्कृत ऐकून मोठमोठे पंडित चकित झाले. त्यांनी तिला प्रश्न विचारले, तिची परीक्षा घेतली, आणि भर सभेत तिला पंडिता आणि सरस्वती अशा दोन पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या ब्राह्मण मुलीला, तीही अविवाहित, असा मान मिळाल्याचे तोवर कोणी ऐकले नव्हते. मला यात एक गोष्ट फार चांगली वाटते. त्या पंडितांनी तुझी शाळा कोणती आणि गुरू कोण, एवढ्यावर निकाल दिला नाही. समोर बसवून काय येते ते पाहिले आणि मग पदवी दिली.

त्यानंतरची चार वर्षे सुखदुःखाच्या फेऱ्यात गेली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे दोन्हीकडून रोष झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आली. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला. आपल्यासारखी मंडळे आज गावोगावी आहेत, त्या सगळ्यांच्या मूळ आजीबाईंत या समाजाला धरायला हरकत नाही.

त्याच वर्षी सरकारने नेमलेले हंटर साहेबांचे शिक्षण कमिशन पुण्यास आले, आणि रमाबाईंनी त्यापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला बायकाच हव्यात, त्यांना नीट तयार करावे, शाळा तपासायलाही बायका नेमाव्यात, आणि शिक्षिकांना पुरुष शिक्षकांहून जास्त पगार द्यावा, असे त्यांनी सांगितले. बायकांवर उपचार करायला बायका डॉक्टर हव्यात हेही त्यांनीच त्या साक्षीत मांडले. शिक्षिकेची लायकी आणि तिचा पगार यांचा एका दमात विचार करणारी बाई त्या काळी ही एकच असेल.

आपण स्वतः डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनात आले. त्यासाठी विलायतेला जायचे, आणि हाती पैसा नाही. त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून विकले आणि त्यातून बोटीच्या भाड्याची सोय केली. पुण्यातल्या मिशनच्या बायकांशी ओळख झाली होती. त्यांचा मुख्य मठ इंग्लंडात वाँटेज या गावी होता. तिथे रमाबाईंनी राहावे, इंग्रजी शिकावे, आणि मोबदल्यात हिंदुस्थानात यायच्या असलेल्या जोगिणींना मराठी शिकवावे, असे ठरले. १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन बोटीत बसल्या. विलायतेत पाऊल ठेवल्यावर रमाबाईंना पहिले काम मिळाले ते मराठीच्या मास्तरणीचे!

तिथे गेल्यावर डॉक्टरकीचा बेत मोडला. त्यांना ऐकायला कमी येत होते आणि ते वाढत होते. कमी ऐकू येणाऱ्याला वैद्यकीचा अभ्यास करता यायचा नाही असे दिसून आले. बरोबर गेलेली मैत्रीणही तिकडेच दुःखद रीतीने वारली. सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला. या एका गोष्टीमुळे आपल्याकडे कित्येक घरांत पुष्कळ वर्षे त्यांचे नाव निघत नसे. धर्म हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे, तो इथे वाढवीत नाही. एवढे मात्र सांगते, की धर्म बदलला तरी बाई कोणाच्या मुठीत गेल्या नाहीत. त्यांना दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती भाषा ना आपली ना आपल्या लोकांची, त्यापेक्षा संस्कृत का नको, असा वाद त्यांनी त्या जोगिणींशी घातला.

१८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथल्या मुख्याध्यापिका मिस डोरोथिया बील. या बाई १८५८ पासून, म्हणजे रमाबाईंच्या जन्मवर्षापासून, ते कॉलेज चालवीत होत्या. त्यांनी रमाबाईंची गोम ओळखली. इंग्रजी, गणित, शास्त्र हे विषय रमाबाईंनी विद्यार्थिनी म्हणून शिकायचे आणि संस्कृत शिक्षिका म्हणून शिकवायचे, अशी व्यवस्था झाली. एका तासाला बाकावर बसायचे आणि दुसऱ्या तासाला फळ्यापाशी उभे राहायचे. मानी माणसाला हे सोपे नसते. पण रमाबाईंना शिकण्यात कमीपणा कधी वाटला नाही. कमीपणा वाटला तो निराळ्याच गोष्टीत.

हिंदुस्थानात नोकरीवर यायच्या तरुण मुलग्यांनाही रमाबाईंनी संस्कृत शिकवावे अशी कल्पना मिस बील यांच्याकडे निघाली. संस्कृत इतके चांगले जाणणारे माणूस आयते गावात आहे, मग त्याचा उपयोग का करू नये? पण हे ऐकून मुंबईचे बिशप आणि लाहोरचे बिशप या दोघांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले तर हिंदुस्थानात तिची अब्रू जाईल, पुढे तिच्या हातून तिथे काही काम व्हायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी हा सल्ला रमाबाईंना न विचारताच परस्पर दिला.

रमाबाई संतापल्या. त्यांनी जी पत्रे लिहिली त्यांत त्यांचा राग स्पष्ट दिसतो. आपण कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत शेकडो पुरुषांच्या सभांतून बोललो, पुराणे सांगितली, पंडितांशी वाद केले, त्या वेळी आपल्या देशातल्या लोकांनी आपला मानच केला. आता आपल्याच देशात काय शोभते आणि काय नाही हे परक्यांनी आपल्याला शिकवावे काय, असा त्यांचा मुद्दा. मिस बील यांचा त्यांना पाठिंबा होता, तरी तो बेत तसाच राहून गेला. सनातनी म्हणून आपण ज्यांना नावे ठेवतो त्या पंडितांनी बाईची विद्या पाहिली, आणि सुधारलेल्या देशात मात्र विद्या बाजूला राहून बाईपण आडवे आले. रमाबाईंच्या चरित्रात मला सर्वांत बोचलेली गोष्ट हीच.

पुढे एक चांगला योग आला. अमेरिकेत फिलाडेल्फियाला आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. त्या रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळायची होती आणि कॉलेजच्या डीन डॉ. रेचल बॉडली यांनी रमाबाईंना बोलावले. रमाबाई मनोरमेसह अमेरिकेला गेल्या आणि तो समारंभ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. आनंदीबाईंची ती पदवी आपल्याकडेही मानली गेली, कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूक झाली. परंतु क्षयाने जर्जर होऊन त्या परत आल्या आणि कामावर रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यास वारल्या.

रमाबाई थोड्या दिवसांसाठी म्हणून गेल्या होत्या, त्या जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. याचे कारण तिथल्या बालशाळा. फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने काढलेली किंडरगार्टनची पद्धत त्यांनी पाहिली आणि त्यांचे मन तिथे बसले. लहान मुलांच्या हाती आधी लोकरीचे रंगीत चेंडू द्यायचे, मग लाकडी गोळा, ठोकळा, नळकांडे. कागदाच्या घड्या घालायच्या, पट्ट्या विणायच्या, गाणी म्हणायची, आणि त्यातून मोजणे, रंग, आकार आपोआप यावेत. ही पद्धत शिकवण्याचे शिक्षण घ्यायला रमाबाईंनी फिलाडेल्फियात नाव घातले. कल्पना करा, १८,००० श्लोक पाठ असलेली, सभा जिंकलेली बाई वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बसून कागदाच्या घड्या घालायला शिकत आहे! घोकंपट्टीने काय साधते आणि काय साधत नाही हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? आपल्या मुलांसाठी चित्रे असलेली मराठी क्रमिक पुस्तके करावीत म्हणून त्यांनी तिथेच लिखाणही सुरू केले.

१८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. डॉ. बॉडलींनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्या पुस्तकावर लेखिकेचे नाव पंडिता रमाबाई सरस्वती असे छापले आहे. कलकत्त्याच्या सभेने तोंडी दिलेल्या दोन्ही पदव्या अशा अमेरिकेत छापून निघाल्या, आणि वाचणाऱ्यांनी त्या मुकाट्याने मान्य केल्या. रमाबाईंनी गावोगाव व्याख्याने दिली. विधवांची शाळा काढायला पैसा हवा हे सांगितले. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि दहा वर्षे खर्च चालवण्याचे त्या लोकांनी कबूल केले.

जपानच्या वाटेने रमाबाई परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. आरंभीच्या विद्यार्थिनी दोनच. त्यांतली एक बालविधवा गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये तिचे धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झाले आणि ती आपली बाया कर्वे झाली. (कर्व्यांच्या महिला विद्यापीठालाही १९१६ मध्ये सुरू झाल्यावर सरकारची कायदेशीर मान्यता मिळायला १९५१ साल उजाडावे लागले. मान्यतेची गाडी आपल्याकडेही बैलगाडीच!)

सदन पुढे पुण्यास गेले. तिथे विद्यार्थिनींच्या धर्मावरून वाद झाला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. दोन्ही बाजूंना दुःख झाले असणार. काम मात्र थांबले नाही. दुष्काळ आणि प्लेगच्या दिवसांत केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे शेकडो अनाथ मुली आणि बाया आल्या. त्यांना लिहिणे-वाचणे, विणकाम, शेती, दुग्धालय, सगळे शिकवले. लहानांसाठी किंडरगार्टन होतेच, आणि शिकलेल्या मुलींतून काही शिक्षिका झाल्या. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवण्याचे काम मनोरमेने केले. मनोरमा मुंबई युनिव्हर्सिटीची बी. ए. झाली होती. आईच्या पिढीला नसलेला छापील दाखला लेकीकडे होता.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई त्या वेळी मराठीत बायबलचे भाषांतर करीत होत्या. साध्या बायकांना कळेल अशा भाषेत ते व्हावे म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले होते, तेही कोणत्या परीक्षेसाठी नव्हे. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला, छापायला, पाने घडी करायला सगळ्या मुक्तीतल्याच बायका होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. त्यांच्यामागे ते पुस्तक त्याच बायकांनी छापून पुरे केले.