दर्पणकार प्राध्यापक

गेल्या वर्षी प्रकल्पासाठी आमच्या भागातल्या एका साप्ताहिकाचे जुने अंक पाहावेत म्हणून मी त्याच्या कचेरीत गेलो होतो. संपादकांनी चहा पाजला, पण अंक नव्हते. ते केव्हाच रद्दीत गेले होते. कॉलेजवाल्यांना वर्तमानपत्राची आठवण ते जुने झाल्यावरच होते, असे ते हसत म्हणाले. इकडे आमच्या सरांचे म्हणणे निराळे. वार्ताहर घाईत लिहितात नि उद्या विसरतात, अभ्यासाचे त्यांना वावडे! दोघांचेही ऐकून घेतले, आणि राहून राहून बाळशास्त्री जांभेकरांची आठवण येत राहिली. कारण मराठीतला पहिला संपादक हाच मुळी कॉलेजातला मास्तर होता.

बाळशास्त्री आपल्याच जिल्ह्याचे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे त्यांचे गाव, जन्म १८१२ चा. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगत. घरचे संस्कृत पक्के झाल्यावर मुलगा मुंबईस गेला. तिथे सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा आधार मिळाला. त्या काळी शाळांसाठी मराठी पुस्तके तयार करण्याचे काम ज्या एज्युकेशन सोसायटीकडे होते, तिचे छत्रे हे नेटिव्ह सेक्रेटरी. इंग्रजी आणि गणितात या मुलाने अशी झेप घेतली, की पुढे छत्र्यांच्याच जागेवर त्याची नेमणूक झाली.

६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. संपादकाचे वय विशीच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या टी. वाय. च्या विद्यार्थ्याएवढे. आरंभी पाक्षिक असलेले हे पत्र त्याच वर्षी मे महिन्यात साप्ताहिक झाले. पानावर एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. मराठी वाचकाला पाश्चात्त्य विद्येची गोडी लागावी आणि इथल्या लोकांचे म्हणणे साहेबापर्यंत पोचावे, असा दुहेरी हेतू. आज हे सोपे वाटते. पण मराठी गद्याला तेव्हा नव्या विषयांची सवय नव्हती. शास्त्रातल्या एकेका कल्पनेला शब्द शोधावा लागे. रात्री शब्द शोधायचा आणि अंकाची तारीख मात्र चुकवायची नाही, या ओढाताणीची कल्पना ज्याने भित्तिपत्रक काढले आहे त्याला थोडीफार येईल.

१८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात ते असिस्टंट प्रोफेसर झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. गणित आणि शास्त्र शिकवायचे, पाठ्यपुस्तके लिहायची, ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांवर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध द्यायचे, आणि शिवाय पत्र चालवायचे. १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद पडले, पण त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. भूगोल, इतिहास, रसायन असे वर्गातले विषय त्यात येत. वर्गात न येऊ शकणाऱ्यांसाठी भरवलेला हा वर्गच म्हणायचा. १८४५ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शिळाप्रतही छापून काढली.

मात्र त्यांचे हे जीवन काही केवळ ग्रंथांतले नव्हते. १८४३ मध्ये श्रीपती शेषाद्री या मुलाचे प्रकरण गाजले. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या ब्राह्मण मुलाला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे, अशी बाजू बाळशास्त्र्यांनी घेतली. सनातनी मंडळी खवळली, बहिष्काराचा जाच सोसावा लागला. नुसत्या पंडिताला गप्प बसता आले असते. पण ज्याने लोकांच्या प्रश्नांवर लिहिण्याचे व्रत एकदा घेतले, त्याला ती सोय कुठली?

१८ मे १८४६ रोजी, ऐन चौतिशीत, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सहवासातले भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ काढले. लोकहितवादींची शतपत्रे त्यातच आली. एल्फिन्स्टनमधले त्यांचे विद्यार्थी दादाभाई नौरोजी यांनी १८५१ मध्ये गुजरातीत ‘रास्त गोफ्तार’ सुरू केले आणि पुढे तेही त्याच कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. वर्ग आणि छापखाना यांत तेव्हा फारसे अंतर नव्हते. ते नंतर पडले. पुणे विद्यापीठाने १९६४ मध्ये पत्रकारितेचा विभाग उघडला खरा. पण मराठी वृत्तपत्रांचा इतिहास त्याआधीच, १९५१ मध्ये, वि. कृ. जोशी व रा. के. लेले यांनी लिहून ठेवला होता, आणि लेले हे स्वतः वृत्तपत्रात काम करणारे. १९५० मध्ये ग. गं. जांभेकरांनी बाळशास्त्र्यांचे लेखन तीन खंडांत एकत्र केले. तेवढी चिकाटी त्यांनी दाखवली नसती, तर आमच्यासारख्यांना ‘दर्पण’चे नाव तेवढे ठाऊक राहिले असते.

हे सारे त्या साप्ताहिकाच्या संपादकांना जाऊन सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग दर अंकाची एक प्रत आमच्या ग्रंथालयाला पाठवण्याचे त्यांनी कबूल केले. त्या बदल्यात जुन्या बातमीचा संदर्भ हवा असेल तेव्हा आम्ही शोधून द्यायचा. आतापर्यंत सात अंक आले. मधला एक कुठे तरी हरवला आहे.