सायकलच्या साखळीपासून नांगराच्या फाळापर्यंत

किर्लोस्कर हे नाव घेतले की नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याला विहिरीवरचा पंप आठवतो. त्याच्या आधीच्या पिढ्यांना लोखंडी नांगर आठवत असे, आणि वाचनाची आवड असलेल्या जुन्या घरांत ‘किर्लोस्कर’ मासिकाचे अंक जपून ठेवलेले असत. या साऱ्याचा उगम बेळगावातल्या सायकलच्या एका दुकानात आहे, हे मात्र आज फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. सध्या नांदेड आणि लातूर या शहरांत पहाटेच्या वेळी गिअरच्या सायकली घेऊन लोहा, अहमदपूर, चाकूरच्या वाटेने निघालेली मंडळी दिसतात. काळ्या मातीची धूळ साखळीत शिरते, चढावर जोर लावताना साखळी दात्यांवरून सटकते आणि मागून मालमोटार येत असताना तोल गेला तर प्रसंग जिवावरही बेतू शकतो. यंत्राचे दुखणे नेमके कुठे आहे हे शोधण्याची विद्या म्हणूनच केवळ हौशीची नव्हे. त्या विद्येच्या बळावर ज्याने महाराष्ट्रातील एक मोठा उद्योग उभा केला, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र या अंगाने पाहण्यासारखे आहे.

रंग हुकले, रेषा साधली

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे लक्ष शाळेच्या पुस्तकांत नव्हते. त्याला चित्रे काढण्याची आणि यंत्रांची खोलून जोडणी करण्याची ओढ होती. वडिलांना ही वाट पसंत नव्हती. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दोन वर्षांत एक कटू सत्य समोर आले. लक्ष्मणरावांना रंगांतील फरक नीट ओळखता येत नव्हता. चित्रकाराच्या दृष्टीने हा दोष न सुधारणारा होता. रेषा मात्र त्यांच्या हाती पक्की होती. त्यांनी रंगांचा नाद सोडला, यांत्रिक रेखाचित्रांचा अभ्यास पूर्ण केला आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकवण्याची नोकरी मिळवली. यंत्राचा प्रत्येक भाग कागदावर मापासह उतरवायचा, म्हणजे तो भाग शेजारच्या भागाला कुठे टेकतो आणि कुठे घासतो हे आधी डोळ्यांनी पाहायचे. पुढच्या आयुष्यात त्यांना हीच सवय उपयोगी पडली.

दुकान सायकलचे

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. आज ज्या वाहनाकडे कुणी वळूनही पाहत नाही, ते त्या काळी नवलाचे आणि श्रीमंतांच्या मिजाशीचे होते. लक्ष्मणराव स्वतः ती चालवायला शिकले, विकायला शिकले आणि दुरुस्त करायलाही शिकले. मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, अशी बंधूंची वाटणी ठरली. १८८८ मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने दुकान सुरू झाले. विक्री आणि दुरुस्ती यांबरोबर गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवण्याचे कामही तेथे होत असे.

तो काळ सायकलच्या दृष्टीने मोठा मोक्याचा होता. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलीत पॅडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेली असत. त्यांत साखळीच नव्हती. मँचेस्टरचे हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये रूळ असलेली साखळी तयार केली, कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये मागचे चाक साखळीने फिरवणारी सायकल आणली, आणि बेळगावचे दुकान निघाले त्याच १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर बनवला. साखळीवर चालणारे वाहन जगालाच नवे होते. बेळगावात एखादी सायकल अडली तर तिचे दुखणे सांगणारा जाणकार आसपास मिळणे कठीण होते. सुटा भाग साता समुद्रांपलीकडून यायचा. त्यामुळे कोणता भाग खरोखर निकामी झाला आहे आणि कोणता उगाच बदनाम होतो आहे, हे ओळखल्याशिवाय हा धंदा करता येत नव्हता.

साखळीचे दुखणे

ही ओळख पटवायची कशी, हे आजच्या सायकलवर पाहता येते. साखळी ताणली गेली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीचा भाग धुळीने घासला जातो, सांध्यासांध्यात केसभर ढिलाई येते आणि शंभरावर सांध्यांची मिळून साखळी लांबते. तिचे माप घेणे सोपे आहे. आजच्या साखळीत दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. नव्या साखळीचे २४ सांधे पट्टीवर बरोबर १२ इंच भरतात. तेच एक षोडशांश इंचाने वाढले तर साखळी बदलावी. एक अष्टमांश इंचापर्यंत दुर्लक्ष केले, तर लांबलेल्या साखळीने मागच्या चक्रांचे दातेही खाल्लेले असतात. मग नवी साखळी घातली तरी ती जुन्या दात्यांवर बसत नाही आणि सटकत राहते. अनेकजण येथे नव्या साखळीलाच दोष देतात.

सटकण्याची रीतही बोलकी असते. एकाच चक्रावर साखळी सटकत असेल तर त्या चक्राचे दाते झिजले आहेत. कोणत्याही गिअरमध्ये ठरावीक अंतराने झटका बसत असेल तर साखळीतला एखादा सांधा जाम झालेला असतो; पॅडल उलटे सावकाश फिरवले की गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या छोट्या चक्रांवरून जाताना तो सांधा उडी मारताना दिसतो. गिअर बदलायला वेळ लागत असेल तर बहुधा केबल सैल असते. केबलच्या टोकाशी असलेली फिरकी पाव-पाव फेरा फिरवून पाहावी. साखळी मोठ्या चक्रापलीकडे जाऊन स्पोकमध्ये पडत असेल किंवा छोट्या चक्राबाहेर उतरत असेल तर मर्यादा ठरवणारे दोन स्क्रू तपासावेत. त्याआधी मागे उभे राहून ती छोटी चक्रे वरच्या चक्राच्या रेषेत आहेत का हे पाहावे. सायकल उजव्या कुशीवर पडली असेल तर यंत्रणा धरणारा कान वाकलेला असतो आणि मग कितीही स्क्रू फिरवले तरी गिअर जुळत नाही.

मराठवाड्यातल्या रस्त्यांवर आणखी एक पथ्य पाळावे लागते. तेल जास्त झाले की काळ्या मातीची धूळ त्यात मिसळून घासणारा लेप तयार होतो. साखळी आधी फडक्याने पुसावी, प्रत्येक रुळावर एक थेंब तेल सोडावे, पॅडल फिरवून ते आत मुरू द्यावे आणि बाहेरचे सारे तेल पुन्हा पुसून काढावे. रॉकेलने धुतली असेल तर पूर्ण वाळल्यावरच तेल द्यावे.

फाळाची परीक्षा

मुंबईतल्या संस्थेत लक्ष्मणरावांची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगावात कायमचे परतले. सायकलींच्या जोडीला पवनचक्क्या आल्या, मग कडबा कापण्याचे यंत्र आले. परदेशी माल विकण्यापेक्षा येथल्या शेतकऱ्याच्या उपयोगाची वस्तू येथेच घडवावी, या विचारातून १९०३ मध्ये त्यांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला.

दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर माती फक्त फाडतो. लोखंडी नांगर ती उलथी करून मुळे उन्हात आणतो. गुण उघड होता, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर विकला जाईपर्यंत दोन वर्षे गेली. विकल्यावर दुसरी अडचण उभी राहिली: टोकाचा फाळ लवकर झिजू लागला. शेतकऱ्याला वापरता येत नाही किंवा जमीनच कठीण आहे, असे सांगून वेळ मारून नेता आली असती. लक्ष्मणरावांनी झिजलेला फाळ पाहिला आणि अधिक टणक ओतीव फाळ घडवला. सायकलच्या दुकानात लागलेली शिस्त येथे कामी आली: जो भाग झिजतो तोच सुधारायचा, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवायचे नाही.

माळावरची वसाहत

धंदा मार्गी लागत असतानाच बेळगावची हद्द वाढवण्यासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे आणि सापांचे माळरान होते. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. वस्तीची व्यवस्था रामूअण्णांनी सांभाळली, यंत्रांची बाजू शंभोराव जांभेकरांनी. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी यांच्याकडे राखणीचे काम सोपवण्यात आले, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि दगडी कोळसा मिळेनासा झाला. भट्टीत लाकडी कोळसा आला, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले. १९२० मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप असा माल वाढत गेला. पुत्र शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकी शिकून आले आणि त्यांनी हा पसारा पुण्यापर्यंत नेला.

त्या काळी नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. लातूरला १९११ मध्ये आलेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट १९२७ मध्ये मिरजेला जोडली गेली. राज्य वेगळे असले तरी काळी जमीन, हरळी आणि खोल विहिरी दोन्हीकडे सारख्याच होत्या. राज्यांच्या सीमा पुढे पुसल्या गेल्या आणि पंपाचे नाव येथील बोलण्यातही रुळले.

१९४८ च्या आरंभी गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची जाळपोळ झाली. वाडी पुन्हा उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

ज्या बेळगावात त्यांनी सायकली विकल्या ते शहर त्याच वर्षी भाषावार पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. वाडी सांगली जिल्ह्यात राहिली. नांदेड-लातूरच्या रस्त्याकडेला हात काळे करून सायकल उघडणारे कारागीर आजही आहेत. त्यांच्याकडे गेल्यावर थेट नवा भाग मागण्याऐवजी आधी साखळीला पट्टी लावून पाहायला सांगावे. पुष्कळदा बदलायचा भाग एकच निघतो, आणि तोही सर्वांत स्वस्त असतो.